बाईची कंबर दुखणारच?

‘बाई म्हटली की कंबर ही दुखणारच.’ हे वाक्य आपण सगळ्याजणींनी ऐकलेलं आहे. आजीने आईला सांगितलं, आईने आपल्याला. बाळंतपणं झाली म्हणून दुखते, पाळी येते म्हणून दुखते, पाळी गेली म्हणूनही दुखते. ओणवं राहून लावणी केली, हंडे वाहिले, शिलाई मशीनवर बसली, नोकरी करून वर घरचं काम उपसलं, म्हणून दुखते. कारणं इतकी हाताशी असतात की खरं कारण शोधायची गरज कुणालाच वाटत नाही. घरच्यांना नाही, डॉक्टरांना नाही आणि खुद्द त्या बाईलाही नाही. या लेखात मला जे सांगायचं आहे ते थोडक्यात असं: ही हाताशी असलेली कारणं काही वेळा बाईची दोन्ही मूत्रपिंडं घेऊन जातात.

मी वैद्यकीय समाजकार्यकर्ती आहे. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून रुग्णालयातच काम करते आहे आणि गेली काही वर्षं मूत्रपिंड विभागात आहे. डायलिसिसला लागलेल्या रुग्णाची माहिती लिहून घेणं, रेशनकार्ड आणि योजनेचे कागद जमवून देणं, घरच्यांशी बोलणं, हे माझं रोजचं काम. आमच्या फॉर्मवर ‘आजाराचा पूर्वेतिहास’ असा एक रकाना असतो. मधुमेह, रक्तदाब, मुतखडा अशा एका शब्दात तो बहुतेकदा भरतो. काही बायकांच्या बाबतीत मात्र त्या रकान्यात दीड-दोन वर्षांची कहाणी लिहावी लागते आणि त्या कहाण्या एकमेकींसारख्या असतात.

भाजी विकणाऱ्या एक मावशी. वय चोपन्न. दीड वर्ष पाठ आणि कंबर दुखत होती. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणायच्या, एक सकाळी, एक रात्री, की दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी उचलायला मोकळ्या. थकवा वाढला तेव्हा दवाखान्यात गेल्या. ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या आणि दोन सलाइन मिळाली. रक्त वाढलं नाही, तेव्हा ‘तुम्ही गोळ्या नियमित घेत नसाल’ असं ऐकून घ्यावं लागलं. उलट्या सुरू झाल्या, पाय सुजले, तेव्हा कुणीतरी क्रिएटिनिन तपासायला सांगितलं. ते इतकं वाढलेलं होतं की त्याच रात्री डायलिसिस करावं लागलं. पुढच्या आठवड्यात हाडातल्या मगजाची तपासणी झाली आणि निदान समजलं: मल्टिपल मायलोमा.

दुसऱ्या बाई शिक्षिका. शिकलेल्या, पगारदार, स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जाणाऱ्या. त्यांना ‘पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतातच’ असं सांगून कॅल्शियमच्या गोळ्या चालू केल्या होत्या. प्रत्यक्षात हाडं पोखरली गेल्यामुळे त्यांच्या रक्तातलं कॅल्शियम आधीच वाढलेलं होतं आणि वाढलेलं कॅल्शियम मूत्रपिंडांना घातकच. तेव्हा हा प्रश्न केवळ गरिबीचा किंवा अडाणीपणाचा आहे, असं मला वाटत नाही.

मायलोमा आणि मूत्रपिंड यांचा संबंध काय, हे आपण समजून घेतलं पाहिजे. आपल्या हाडांच्या आतल्या मगजात प्लाझ्मा नावाच्या पेशी असतात. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडं बनवणं हे त्यांचं काम. प्रतिपिंड म्हणजे एक प्रथिनच. त्यात दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या जोडलेल्या असतात. हलक्या साखळ्यांना लाइट चेन म्हणतात. त्यांचे कापा आणि लॅम्डा असे दोन प्रकार आहेत. मायलोमा हा या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. एकाच पेशीची पिलावळ बेसुमार वाढते आणि एकाच ठशाचं, कुठल्याच कामाचं नसलेलं प्रथिन रक्तात ओतत राहते. सुट्या लाइट चेन आकाराने लहान असतात. त्या मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज खाली उतरतात. थोड्या असल्या तर पुढच्या नलिका त्या शोषून जिरवतात. पण पूर आल्यावर नलिका तरी किती जिरवणार? उरलेल्या लाइट चेन आणखी खाली जाऊन तिथल्या दुसऱ्या एका प्रथिनाशी घट्ट चिकटतात, त्यांचे साचे तयार होतात आणि नलिका तुंबतात. मोरीच्या पाइपात चिकट गाळ बसावा तसंच हे. वरून पाणी येत राहतं, खाली जायला वाट नाही, आणि मागचा भाग सुजून निकामी होऊ लागतो. मायलोमाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या मूत्रपिंडांवर कधी ना कधी परिणाम होतो.

याच प्रथिनांचे आणखीही प्रकार आहेत. कधी ती तंतूंसारखी होऊन मूत्रपिंडात, हृदयात साचतात. त्याला अॅमिलॉइडोसिस म्हणतात. तेव्हा लघवीला फेस येतो, अंगावर सूज चढते. कधी प्रथिनाचं प्रमाण इतकं थोडं असतं की त्याला कर्करोग म्हणता येत नाही, पण तेवढंही मूत्रपिंडाला पुरेसं घातक ठरतं. अशा अवस्थेला २०१२ साली तज्ज्ञांनी वेगळं नाव दिलं. ‘कर्करोग नाही, तर नुसतं लक्ष ठेवू’ असं म्हणून चालत नाही, मूत्रपिंड वाचवण्यासाठी उपचार करावे लागतात, हे त्यामागचं कारण.

या आजाराच्या इतिहासात एका बाईची गोष्ट आहे. ती आपण माहीत करून घ्यावी अशी आहे. मायलोमाची नीट नोंदलेली पहिली रुग्ण म्हणून वैद्यकाच्या इतिहासात जिचं नाव येतं ती सारा न्यूबरी, लंडनमधली एकोणचाळीस वर्षांची गृहिणी. वाकताना पाठीत कळ येणं आणि थकवा, इथून तिचं दुखणं सुरू झालं. चार वर्षं ते चाललं होतं. पुढे नवऱ्याने उचलून पलंगावर नेताना तिच्या पायांची हाडं मोडली. १८४४ च्या एप्रिलमध्ये तिला सेंट थॉमस रुग्णालयात आणलं. संत्र्याच्या सालीचा काढा आणि रेवाचिनीची गोळी असे उपचार झाले आणि पाच दिवसांत ती गेली. त्यानंतर लंडनच्याच एका किराणा व्यापाऱ्याची लघवी डॉक्टरांनी हेन्री बेन्स जोन्स या वैद्याकडे तपासायला पाठवली. तापवल्यावर विरघळणारं आणि निवल्यावर पुन्हा साकळणारं एक विचित्र प्रथिन त्याला तिच्यात सापडलं. ते त्याने १८४७ मध्ये प्रसिद्ध केलं आणि त्याला त्याचंच नाव मिळालं. हे प्रथिन म्हणजे लाइट चेन, हे १९६२ साली सिद्ध झालं. दोष कुणाला द्यायचा नाही. १८४४ मध्ये सारासाठी कुणी फारसं काही करू शकलंच नसतं. पण आज आपल्याकडे तपासण्या आहेत, औषधं आहेत. तरीही वाकताना कळ येते म्हणणारी बाई वर्ष वर्ष तशीच काढते, हे मात्र मला सहन होत नाही.

आता कुणी म्हणेल, हा आजार बायकांचाच आहे का? नाही. उलट पुरुषांमध्ये तो थोडा जास्तच आढळतो. पण माझं म्हणणं आजाराबद्दल नाही, तो ओळखला जायला लागणाऱ्या वेळेबद्दल आहे. मायलोमाच्या सुरुवातीच्या खुणा कोणत्या? पाठदुखी, थकवा, रक्त कमी. या तिन्ही खुणा आपल्या समाजाने ‘बायकांचं नेहमीचंच’ या खात्यात आधीच टाकून ठेवल्या आहेत. पुरुषाचं रक्त कमी निघालं की डॉक्टर विचारतात, ‘का बरं?’ बाईचं निघालं की लोहाची गोळी देतात. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताक्षय आढळला. जे निम्म्याहून अधिक बायकांना आहे ते ‘साधारण’ वाटू लागतं. या गर्दीत मायलोमाचा रक्ताक्षय सहज लपून जातो. पण ज्या बाईची पाळी जाऊन पाच-सात वर्षं झाली, जिला कुठून रक्तस्राव नाही, जी दोन महिने लोह घेऊनही तशीच फिकट आहे, तिचं रक्त जातंय कुठे, हा प्रश्न कुणी विचारायचा?

पाठदुखीचंही तसंच. बाईच्या कंबरेत कळ आली की आपल्याकडे बोट पहिलं जातं गर्भाशयाकडे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं, तेव्हा कंबरदुखी आणि अंगावरून पांढरं जाणं एवढ्या तक्रारींवरही शस्त्रक्रिया झाल्याचं त्या बायकांनी सांगितलं होतं. म्हणजे बाईचं दुखणं एक तर किरकोळ, नाही तर गर्भाशयाचं. तिला हाडं आहेत, रक्त आहे, मूत्रपिंडं आहेत, हे जणू विसरलंच जातं.

त्यात भर पडते वेदनाशामक गोळ्यांची. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक अशा गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात आणि त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. निरोगी माणसाने दोन दिवस घेतल्या तर बहुधा काही होत नाही. पण ज्या मूत्रपिंडात आधीच लाइट चेन साचताहेत तिथे याच गोळ्या शेवटचा धक्का देतात. म्हणजे आजाराने कंबर दुखते, कंबर दुखते म्हणून गोळी घ्यायची, आणि त्या गोळीनेच मूत्रपिंड बसतं. बाईला गोळी का घ्यावी लागते? कारण विश्रांती घेतली तर त्या दिवसाची कमाई बुडते किंवा घरचा स्वयंपाक अडतो. आजारी पडायला तिला रजाच नाही.

दुसरी भर पाण्याची. लाइट चेनचे साचे लघवी घट्ट असली की लवकर जमतात. म्हणूनच पुरेसं पाणी पिणं हा या आजारात उपचाराचाच एक भाग असतो. लघवी कमी झालेल्यांनी मात्र किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारावं. पण आपल्या बाजारात, शेतात, बसस्थानकावर बाईने पाणी प्यायचं तरी कसं? जायला जागा नाही म्हणून सकाळपासून घोटभरही न पिणाऱ्या बायका मला रोज भेटतात. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावाने बायकांच्या स्वच्छतागृहांचं आंदोलन उभं राहिलं, तेव्हा काहींनी त्याची टिंगल केली होती. त्यांनी एकदा आमच्या विभागात येऊन बसावं.

आणखी एक अडचण तपासणीतच आहे. आरोग्य केंद्रात लघवीत पट्टी बुडवून प्रथिन पाहतात. ती पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन हे प्रथिन ओळखते. लाइट चेन तिला जवळजवळ दिसतच नाहीत. त्यामुळे नलिका तुंबत असतानाही ‘लघवी नॉर्मल’ असा कागद बाईच्या हाती पडू शकतो आणि मग ‘काही नाही झालेलं, उगाच घाबरता’ हे ऐकून ती परत पाटी उचलते.

उशीर झाला तर काय होतं, हे मी रोज पाहते. आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास यंत्राला बांधून राहायचं. पुरुष रुग्ण असला की बहुतेकदा त्याची बायको डबा घेऊन बाहेर बसलेली असते. बाई रुग्ण असली की ती पुष्कळदा एकटी येते, नाही तर लेक कॉलेज बुडवून येते. ‘माझ्यावर कशाला एवढा खर्च, माझं झालंच आहे आता’ हे वाक्य मी बायकांकडूनच ऐकते. तेही पन्नाशीच्या बायकांकडून! आणि इथेच मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण मूत्रपिंड निकामी करणाऱ्या अनेक आजारांपेक्षा इथे आशा जास्त आहे. निदान लवकर झालं, लाइट चेन झपाट्याने खाली आणता आल्या, तर मूत्रपिंड बऱ्याच अंशी परत काम करू लागू शकतं. डायलिसिसवर गेलेल्या काहीजणी त्यातून बाहेरही येतात. बोर्टेझोमिबसारखं औषध मूत्रपिंड बिघडलेलं असतानाही देता येतं आणि त्याची जेनेरिक रूपं आपल्याकडे मिळतात. मायलोमा पूर्णपणे हटतो असं नाही, पण तो ताब्यात ठेवून अनेकजण वर्षानुवर्षं जगतात. फक्त तिथे महिने मोजून चालत नाही, आठवडे मोजावे लागतात.

आपल्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, ही चांगलीच गोष्ट आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून ती सुरू झाली तेव्हापासून असंख्य जीव तिने वाचवले आहेत. पण योजनेचा भर आहे तो दाखल झालेल्या रुग्णाच्या ठरावीक उपचारांवर. मूत्रपिंड गेल्यावर दार उघडतं, ते जाऊ नये म्हणून करायच्या तपासणीसाठी मात्र बाईला पदरचे पैसे मोडावे लागतात. प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस खाजगीत काही शे ते हजार रुपयांत होते, सुट्या लाइट चेनची तपासणी काही हजारांत. स्वतःच्या तपासणीवर तीन-चार हजार खर्च करायला किती बायका घरात तोंड उघडतील?

यावर आमचे डॉक्टर मित्र म्हणतात, ‘बाई, मायलोमा लाखामागे वर्षाला एखाद-दोघांना होतो. प्रत्येक दुखऱ्या कंबरेमागे तो शोधत बसलो तर बायकांना घाबरवून सोडाल आणि पैसेही वाया घालवाल.’ या म्हणण्यात तथ्य आहे. बहुतेक कंबरदुखी खरोखरच श्रमाची असते. म्हणून सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या करा, असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं एवढंच की काही खुणा एकत्र दिसल्या की तिथे थांबावं. चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडलेली बाई, दीड-दोन महिन्यांहून जास्त टिकलेली आणि रात्रीही न थांबणारी पाठदुखी किंवा बरगड्यांतली कळ, लोह घेऊनही न वाढणारं रक्त, वरचेवर होणारा जंतुसंसर्ग, लघवीला फेस, पायांवर सूज. यातल्या दोन गोष्टी जरी एकत्र असल्या तरी हिमोग्लोबिन, ईएसआर, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि रक्तातली एकूण प्रथिनं व अल्ब्युमिन एवढं पाहावं. या साध्या, स्वस्त तपासण्या आहेत. एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केल्यावर चारपेक्षा जास्त उरलं तर शंका घ्यावी. काही रुग्णांत नुसत्या लाइट चेनच तयार होतात, तेव्हा हा फरक दिसत नाही. म्हणून क्रिएटिनिन वाढलेलं असेल आणि कारण सापडत नसेल, तर पुढच्या तपासण्या कराव्याच. ज्या दोन-चार बायकांना त्या लागतील त्यांच्यासाठी त्या जिल्हा पातळीवर फुकट व्हाव्यात, ही मागणी काही फार मोठी नाही.

आणि मैत्रिणींनो, थोडं आपल्याशीही बोलायला हवं. स्त्री-आरोग्य म्हटलं की आपणही पाळी, गर्भनिरोधन, बाळंतपण, गर्भाशय इथेच थांबतो. यातला एकेक प्रश्न लढून मिळवलेला आहे, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण बाईला नुसतं गर्भाशय समजू नका, असं आपण सरकारला सांगत आलो, आणि आपल्या शिबिरात पाळी गेलेल्या बाईला द्यायला आपल्याकडे काय असतं? रक्त तपासणी आणि लोहाच्या गोळ्यांची पुडी. मूल जन्माला घालायचं वय संपलं की बाई सरकारी कार्यक्रमांतून गळते. ती आपल्याही कार्यक्रमांतून गळू नये. आपल्या शिबिरांत, बचत गटांच्या बैठकांत, आशाताईंच्या प्रशिक्षणात हे चार प्रश्न घालता येतील: दुखणं किती दिवसांचं? गोळ्या कोणत्या आणि किती घेता? लोह घेऊन रक्त वाढलं का? क्रिएटिनिन कधी तपासलं होतं? याला ना पैसे लागतात ना यंत्र.

अंगावर काढणं हा आपल्याकडे बाईचा गुण मानला जातो. सुनेचं कौतुक करताना सासू म्हणते, ‘ताप असला तरी तिने कधी कळू दिलं नाही हो.’ मला या कौतुकाची भीती वाटते. कळू न दिलेल्या दुखण्याचा हिशेब शेवटी आमच्या फॉर्मवर मांडला जातो आणि तोवर त्यातलं पुष्कळसं हातातून गेलेलं असतं. तेव्हा पुढच्या वेळी शेजारीण, आई, सासू, कामाला येणाऱ्या मावशी किंवा तुम्ही स्वतः ‘कंबर दुखतेय, नेहमीचंच’ असं म्हणालात, तर ‘किती दिवस झाले?’ एवढं तरी विचारा. उत्तर महिन्यांत आलं, तर तिला एकटीला पाठवू नका. सोबत जा, आणि क्रिएटिनिनचा कागद हातात घेतल्याशिवाय परत येऊ नका.